सोबत कोण होतं?

काही वर्षांपूर्वी राजूरला आरोग्याच्या सर्वेक्षणासाठी दोन मुली आल्या होत्या. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. घरं दाखवायला मी बरोबर होते, पण बाईला प्रश्न विचारताना तिसरं माणूस जवळ नको असा त्यांचा नियम होता आणि तो योग्यच आहे. मी बाहेर कडुलिंबाखाली बसले. पाऊण तासाने घरची बाई बाहेर आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "किती खेपा राह्यल्या, किती पडल्या, गोया कुठून आनल्या, दवाखाना कोनता, सारं इचारलं वो ताई. पन संग कोन होतं, थे काही इचारलं नाही."

तिच्या गर्भपाताच्या वेळी संग मी होते. म्हणून ते वाक्य मला लागलं.

मी राजूरची आशा सेविका. वणी तालुक्यातलं हे गाव कोळशाच्या खाणीवर आणि चुनाभट्ट्यांवर पोसलेलं. एकाच नळावर मराठी, तेलुगू आणि हिंदी ऐकू येते. पंधरा वर्षांत किती जणींना बाळंतपणासाठी घेऊन गेले त्याची नोंद वहीत आहे. गर्भपातासाठी ज्यांच्यासोबत गेले त्यांचं नाव मी मुद्दाम कुठे लिहून ठेवलं नाही, त्या सगळ्या डोक्यात आहेत. खाली जे लिहिते आहे ते त्यांच्याकडून शिकलेलं. कोणाची ओळख पटू नये म्हणून वय, वस्ती, काम यांत बदल केला आहे.

१. पहिली मदत म्हणजे खरं उत्तर

कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. एका संध्याकाळी भट्टीवरून परतणाऱ्या बाईने मला रस्त्यात थांबवलं. अंगावर चुन्याची भुकटी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. तीन लेकरं पदरात, चौथ्यांदा दिवस गेलेले. इकडेतिकडे पाहून तिने विचारलं, "खाली करून भेटते का ताई कुठी?"

मी म्हटलं, "तो गुन्हा आहे."

मला खरंच तसं वाटत होतं. दवाखान्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांतली पाटी मी रोज पाहायचे. ती पाटी गर्भलिंग तपासणीची होती. तपासणी वेगळी, गर्भपात वेगळा, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. बाई "बरं" म्हणाली आणि निघून गेली. पंधरा दिवसांनी तिच्या घरून निरोप आला, तेव्हा ती तापाने फणफणली होती आणि अंगाला वास येत होता. दुसऱ्या गावात जाऊन तिने कोणाकडून तरी काहीतरी करून घेतलं होतं. अकरा दिवस ती मेडिकल कॉलेजात होती, तिथल्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. मला ती कधी एका शब्दाने बोलली नाही. आजही भेटली की "ताई, च्या घेता का?" म्हणते. तो चहा मी घेते, पण तो मला सहज गिळता येत नाही.

त्यानंतर मी कायदा शिकले. गर्भपाताचा कायदा १९७१चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. त्याच्या चौकटीत, नोंदणीकृत डॉक्टरकडे, मान्यता असलेल्या ठिकाणी केलेला गर्भपात गुन्हा नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो आपल्या महाराष्ट्राने, १९८८मध्ये. देशाचा १९९४मध्ये आला. हे कायदे हवेतच, मुलींच्या जिवासाठी हवेत. पण गावात दोन्हींचा काला झाला आहे. २०१७च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण बाहेर आलं, आणि नंतर कित्येक महिने आमच्याकडे बायका 'गर्भपात' हा शब्दसुद्धा कुजबुजत उच्चारायच्या. औषधदुकानदार हात वर करायचे. अशा वेळी कोणीतरी शांतपणे "कायद्याने होतं, मी सांगते कुठे आणि कसं" एवढं सांगणं, याला कोणत्या योजनेचे पैसे लागतात? एक नीट शिकवलेली बाई लागते.

२. वणी जवळ आहे, पण घराचा उंबरठा दूर आहे

नकाशावर पाहिलं तर आमचं बरं चाललं आहे. वणीला ऑटो मिळतो. पुढे मोठ्या दवाखान्याची वेळ आली तर जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पलीकडे, चंद्रपूर त्याच्या निम्म्या अंतरावर. म्हणून इथली माणसं जिल्हा ओलांडून चंद्रपूर गाठतात.

पण एका बाईचा हिशेब सांगते. नवरा कोळशाच्या ट्रकवर, चार दिवस आड घरी. सासू घरात. थोरली शाळेत, धाकटा दीड वर्षाचा आणि अंगावर पिणारा. ती भट्टीवर चुना भरायला जायची. एक दिवस गेली नाही की एक खाडा, आणि लागोपाठ दोन खाडे झाले की तिच्या जागी दुसरी उभी. दवाखान्यात एक दिवस तपासणी, एक दिवस सोनोग्राफी, मग प्रत्यक्ष काम. म्हणजे तीन खाडे. तीन दिवसांच्या मजुरीत ऑटोचं भाडं मिळवा, बाहेर खाल्लेला चहा-बिस्किटाचा पुडा मिळवा. शिवाय धाकट्याला सोबत नेलं तर त्याला धरायला माणूस, आणि घरी ठेवलं तर सासूला काय सांगणार?

दवाखान्यात उपचार फुकट होता. तिला अडवत होतं ते सगळं दवाखान्याच्या बाहेरचं होतं.

आम्ही असं केलं. धाकटा माझ्या घरी राहिला, माझ्या लेकीने त्याला सांभाळलं. सोनोग्राफी आणि तपासणी एकाच दिवशी व्हावी म्हणून मी आदल्या दिवशी सिस्टरशी बोलून ठेवलं. शेवटची पाळी येऊन तिला सात आठवडे झाले होते. अजून तीन आठवडे याच हिशेबात गेले असते तर गोळ्यांची वेळ टळली असती, कारण गोळ्यांनी गर्भपात करायला कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंतच मुभा आहे. पुढे पिशवी साफ करावी लागते, आणखी पुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं. खाडा, भाडं आणि लेकरू या तीन गोष्टी न सुटल्यामुळे साधी गोष्ट अवघड होऊन बसते, हे मी एकदा नाही, पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

३. निमित्त आधी ठरवावं

यावर फार लिहीत नाही, कारण लिहिलं तर निमित्तं उपयोगाची राहणार नाहीत. एवढंच सांगते की बाजाराच्या दिवशी बाई घराबाहेर पडली तर कोणी विचारत नाही. आणि परतताना पिशवीत भाजी असावी.

४. सही तिची

ती वीस वर्षांची होती, शिकायला रोज वणीला जायची. लग्न झालेलं नव्हतं. माझ्याकडे आली ती तिच्या मैत्रिणीसोबत, आणि बोलली ती मैत्रीणच. मुलगी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

एका दवाखान्यात आम्ही गेलो. कोणता ते सांगत नाही, कारण हे मी एकाच ठिकाणी पाहिलेलं नाही. खिडकीवरच्या बाईंनी नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि मोठ्याने विचारलं, "नवरा कुठे आहे? सही लागेल." मागे रांगेत आठ-दहा माणसं. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

माझ्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद असतो. कायद्यातलं तिसरं कलम आणि संमतीचा 'सी' फॉर्म. अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, बापाची, भावाची लागत नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठीच पालकांची लागते. मी तो कागद खिडकीतून आत सरकवला आणि हळू आवाजात म्हटलं, "मॅडम, एकदा वाचता का?" आवाज हळूच ठेवायचा हे मी अनुभवाने शिकले. मी भांडले तर माझं समाधान होईल, पण आतल्या टेबलावर जायचं आहे तिला. बाईंनी वाचलं. मग त्या स्वतः उठून आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. जशी एकेकाळी मला कोणी शिकवलं नव्हतं.

२०२१मध्ये कायदा बदलला, २४ सप्टेंबरपासून लागू झाला. कुटुंब नियोजनाचं साधन फसलं म्हणून गर्भपात हवा असेल तर पूर्वी कायद्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' होते, आता 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आहेत. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. पुढे २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहितेलाही आहे, आणि अल्पवयीन मुलगी असेल तर डॉक्टरने पोलिसांना खबर देताना तिचं नाव सांगण्याची सक्ती नाही. ही शेवटची गोष्ट आमच्या भागात सोन्याच्या मोलाची आहे. शेजारच्या झरी-जामणी तालुक्यातल्या कोलाम मुलींचा 'कुमारी माता' हा विषय कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत आणि सरकारदरबारी येतो आहे. किती आहेत याची मोजणी झाली. पण एखादी पंधरा वर्षांची पोर दुसऱ्या महिन्यात कोणाच्या तरी दारात जाऊन बोलू शकली असती का, ते दार कोणाचं असायला हवं होतं, याची मोजणी मी तरी पाहिली नाही.

माझ्या जिवाला आणखी एक गोष्ट डाचते. काही ठिकाणी बाईला सांगतात, आधी ऑपरेशनला हो म्हण, नाहीतर तांबी बसवून घे, मगच पिशवी साफ करू. साधनांची माहिती जरूर द्यावी, मीही देते. पण गरजेत अडकलेल्या बाईपुढे अट ठेवली की तिचा 'हो' हा तिचा राहत नाही.

५. तिसऱ्या दिवसाची रात्र

गोळ्यांच्या गर्भपातात पहिल्या दिवशी एक गोळी, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गोळ्या आणि पंधराव्या दिवशी तपासणी. कागदावर या तीन तारखा असतात. बाईच्या आयुष्यात मात्र तिसऱ्या दिवसाची रात्र असते.

एका पावसाळ्यातली रात्र मी विसरत नाही. खोली एक, झोपणारे पाच. संडास सामाईक, पन्नास पावलं चालून, आणि दिवे गेलेले. ती गरोदर होती हे नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही. पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा घाबरून बाहेर जाऊन उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो, त्याला काय करायचं हेच कोणी सांगितलं नव्हतं. रात्री साडेअकराला मला फोन आला. मी गेले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि ओठ दातांत धरले होते, आवाज होऊ नये म्हणून.

मी तिला माझ्या घरी आणलं. गरम पाण्याची बाटली पोटावर, पॅड, जुन्या सुती साड्यांचे फडके, बादलीभर पाणी, बॅटरी. नवऱ्याला म्हटलं, चहा टाक आणि इथेच बस. तो बसला. पहाटे तीनपर्यंत तिला बरं वाटलं. त्या रात्री मी वैद्यकीय असं काहीच केलं नाही. फक्त दर थोड्या वेळाने पॅड मोजत होते. लागोपाठ दोन तास, तासाला दोन-दोन पॅड भिजले तर वाट न पाहता १०८ला फोन करायचा, हे मला पाठ होतं. ताप एक दिवस उलटून राहिला, घाण वास आला, चक्कर येऊन पडली, तरी तसंच. हे आकडे घरातल्या एका माणसाला तरी आधीच सांगून ठेवले तर कित्येक जीव वाचतील. आता मी नवऱ्यालाच आधी बसवते आणि त्याच्याकडून ते म्हणवून घेते.

अशी रात्र किती जणी एकट्याने काढत असतील? आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे मुंबईतली देवनारची सरकारी संस्था, तिने इतर संस्थांबरोबर केलेला अभ्यास २०१८मध्ये छापून आला. २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर घेतलेल्या गोळ्यांनी झाले, असा त्यांचा अंदाज आहे. बारकाईने पाहणी केलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण ७३ हा आकडा वाचला तेव्हा मला राजूरच्याच खोल्या दिसल्या. गोळी कागदात गुंडाळून मिळते. तिच्यासोबत बॅटरी, बादली आणि जागं माणूस मिळत नाही.

६. सहा आठवडे कोणाला मिळतात

१९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात नववं कलम होतं, ते असं. गर्भ पडला किंवा कायदेशीर गर्भपात केला, तर पुरावा दाखवून नोकरदार बाईला सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. औषध, डॉक्टर यांच्याशी संबंध नसलेली, निव्वळ विश्रांतीची मदत, आणि तीही कायद्यात लिहिलेली. खाणीत, कार्यालयात कायम नोकरी असलेल्या दोघी-तिघींना मी हे सांगितलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यातली एक म्हणाली, रजा मिळेल हो, पण अर्जावर कारण लिहावं लागेल ना? तिने आजारपणाची रजा टाकली.

भट्टीवरच्या बाईला तर हजेरीचा कागदच नसतो. पिशवी साफ करून आलेली एक बाई तिसऱ्या दिवशी डोक्यावर घमेलं घेऊन उभी मी पाहिली. मी रागावले. ती म्हणाली, "बसून राह्यली तं खाऊ काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर आम्ही बचत गटात शोधलं. दर महिन्याला प्रत्येकीने थोडे पैसे एका वेगळ्या डब्यात टाकायचे. बाईला अंगाला बरं नसेल तर त्यातून तीन दिवसांची मजुरी द्यायची. कारण विचारायचं नाही. यावर गटात मोठा वाद झाला. एक म्हणाली, कारण न विचारता पैसे दिले तर कोणीही घेईल. गटातली सगळ्यात म्हातारी बाई तेव्हा म्हणाली की घेऊ दे, बाई खोटं बोलून तीन दिवस झोपली तरी तिला त्या झोपेची गरजच असेल. त्या डब्याला दोन वर्षं झाली. एकदाही गैरवापर झालेला नाही. लहानसा डबा आहे तो, मोठं काही नाही. पण अशा डब्याची कल्पना एखाद्या सरकारी अभ्यासातून आली असती, तर ती एका गावापुरती राहिली नसती.

७. सरकारने काय विचारलं, काय राहिलं

सरकारने कधीच काही विचारलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६४मध्ये केंद्राने समिती नेमली ती महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली. १९६६च्या अखेरीस तिचा अहवाल आला आणि त्यावर १९७१चा कायदा उभा राहिला. चोरून केलेल्या गर्भपाताने बायका मरत होत्या, ते मरण थांबवायचं हा त्या अभ्यासाचा गाभा होता. माणसं मरत असताना तेच आधी विचारायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही गर्भपाताचे प्रश्न असतात. २०१९-२१च्या फेरीत असं दिसलं की चारातल्या एकाहून जास्त गर्भपात बाईने स्वतःच घरी केले होते. किती, कुठे, कोणी केलं, काय त्रास झाला, हे सगळं त्यात आहे.

बाईला हवं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडे विचारला तो मुंबईच्या सेहत या संस्थेने. मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायकांशी बोलून केलेला अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. बोभाटा होऊ नये, नवऱ्याची सही मागू नये, ही मागणी त्या बायकांच्या तोंडून त्यात आली आहे. मला तो एका प्रशिक्षणात ऐकायला मिळाला आणि वाटलं, या बाया राजूरच्याच आहेत. मध्ये किती वर्षं गेली!

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण आपल्या माणसाचं आहे. बेळगावची सविता हलप्पनवार दातांची डॉक्टर होती, आयर्लंडमध्ये राहायची. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नव्हता, तरी तिथल्या कायद्याच्या भीतीने गर्भपात वेळेवर केला गेला नाही. अंगात विष भिनून ती २८ ऑक्टोबर २०१२ला गेली. वय एकतीस. त्या देशात लोक रस्त्यावर उतरले, २०१८च्या मे महिन्यात सार्वमत झालं, कायदा बदलला, आणि २०१९ पासून गर्भपाताची सेवा सुरू झाली. माझी लेक नर्सिंग शिकते, तिने मला पुढचं वाचून दाखवलं. तिथल्या आरोग्य खात्याने सेवेबरोबरच फुकट फोनलाइन सुरू केली. त्यावर डॉक्टर कुठे आहे ते सांगतात आणि बाईला बोलायचं असेल तर समुपदेशक ऐकून घेते. मग त्याच खात्याने ट्रिनिटी कॉलेजच्या कॅथरीन कॉनलन यांच्याकडून अभ्यास करून घेतला, तो २०२२मध्ये आला. ज्यांनी गर्भपात करून घेतला त्यांनाच विचारलं की माहिती कुठे मिळाली, किती वाट पाहिली, प्रवास कसा झाला, लोक कसे वागले. कायद्याने घालून दिलेली तीन दिवसांची सक्तीची वाट पाहणं बायकांना किती जड गेलं, तेही त्यात उतरलं.

सविताच्या मरणानंतर एका देशाने हे विचारलं. आमच्याकडच्या टॅबमध्येही चार प्रश्न वाढवता येतील. सोबत कोण होतं? त्या दिवशी लेकरू कोणाकडे होतं? किती दिवसांची मजुरी बुडाली? नंतर कोणाशी बोललीस? हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, रक्त काढावं लागत नाही. आणि उत्तरं आली की त्यावर पैसे घालावे लागतील, गाडी, पाळणा, मजुरी, सोबतीण यांच्यावर. बाळंतपणासाठी घरून न्यायला आणि घरी सोडायला सरकारी गाडी येते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि त्या गाडीने खरोखर फरक पडला. गर्भपाताला निघालेल्या बाईसाठी कोणी गाडी मागितलेली मी पंधरा वर्षांत पाहिली नाही. मागायची सोय आहे की नाही हा पुढचा प्रश्न, मागायची हिंमतच होत नाही.

८. तिने काय वाटून घ्यावं, हे तिला सांगू नये

सुरुवातीला मी सांगायचे. "रडू नको" सांगायचे, नाहीतर "रडून घे" सांगायचे. दोन्ही चूक.

एकीने दवाखान्यातून बाहेर पडताच वडापाव मागितला आणि दोन खाल्ले. तिचा चेहरा इतका मोकळा होता की मला आधी राग आला, मग राग आल्याची लाज वाटली. दुसरीला मूल हवं होतं. बाविसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत कळलं की बाळाच्या डोक्याची वाढच झालेली नाही. तिच्यासाठी दोन डॉक्टरांचं मत, कागद, मोठं शहर, सगळं झालं. सगळे तिला म्हणत होते, "पुढच्या वेळी होईल." ती मला परतीच्या गाडीत म्हणाली, "ताई, टोपरं इनून ठेवलं होतं. थे कुठी ठेवू?" मी काही बोलले नाही. घरी पोचल्यावर ती म्हणाली तसं ते माझ्या ट्रंकेत ठेवलं. अजून आहे. मागेल तेव्हा देईन.

समुपदेशन हा शब्द प्रशिक्षणात खूपदा येतो. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा की आठव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा तिच्या दारावरून जायचं, आणि लसीकरणाच्या यादीतलं काहीतरी विचारायचं. बोलायचं असेल तर ती बोलतेच.

९. सोबत पुढे जाते

मागच्या हिवाळ्यात सकाळी सातला दार वाजलं. दारात ती, ट्रकवाल्याची बायको, जिचा धाकटा माझ्या घरी राहिला होता. आता त्या गोष्टीला सहा-सात वर्षं झाली. तिच्या मागे भिंतीला चिकटून एक लहानखुरी बाई उभी होती, मी ओळखत नव्हते. नवीन आली असावी भट्टीवर, तेलुगू बोलणारी. कडेवर झोपलेलं लेकरू.

मी चप्पल शोधायला वळले तर तिने मला थांबवलं.

"तुमी नोका येऊ ताई. इले मी घेऊन चाल्ली. थो कागद तेवढा द्या तुमचा, पिलास्टिकचा. आन हे पोट्टं ठेवा, दुपारलोक येतो आमी."

मी कागद दिला. त्या बाईने झोपलेलं लेकरू माझ्या हातात ठेवलं, त्याच्या तोंडावरची टोपी नीट केली आणि मागे न पाहता तिच्या पाठोपाठ ऑटोकडे गेली. दहाच्या सुमारास लेकरू उठलं. मी त्याला भाताची पेज पाजली.